उन्हाळ्यातला प्रवास : औषधाच्या आधी वेळापत्रक

मागच्या आठवड्यात संध्याकाळी दवाखाना आवरता आवरता एक आजोबा आले. माझे जुने पेशंट. रक्तदाबाची गोळी गेली आठ वर्षे माझ्याकडूनच नेतात. या वेळी मात्र ते स्वतःसाठी आले नव्हते. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. सूनबाईंच्या अक्षरात चार ओळी होत्या : उलटीचे औषध, तापाचे औषध, जुलाबाचे औषध आणि ‘ऊन लागू नये म्हणून काही असेल तर’.

“रविवारी सांगलीला जायचं म्हणतोय,” आजोबा म्हणाले. “गणपतीचं दर्शन, थोरल्या बहिणीकडं जेवण, आन् रात्रीपर्यंत माघारी. नातवाला रेल्वे दाखवायचीय. अडीच वर्षांचा झाला, अजून गाडीत बसला नाही.”

मी विचारले, “गाडी कोणती?”

“जी गावंल ती.”

एप्रिल-मे महिन्यांत असे कागद माझ्याकडे आठवड्याला तीन-चार तरी येतात. मुलांना सुट्टी असते, लग्ने-मुंजी असतात, जत्रा असतात. औषध कोणते न्यायचे हे सगळे विचारतात. गाडी कोणती धरायची हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. ते स्टेशनमास्तरला विचारायचे, डॉक्टरला काय कळते, अशी समजूत असावी. माझे मत नेमके उलटे आहे. पाच वर्षांच्या आतले मूल घेऊन उन्हाळ्यात सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल, तर त्या मुलाचे आरोग्य पिशवीतल्या बाटल्यांवर फारसे अवलंबून नसते. ते तुम्ही घरातून किती वाजता निघालात आणि दुपारी अकरा ते चार कुठे होतात, यावर अवलंबून असते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणालो तर खोटे होईल. पुस्तकातून शिकलोच होतो, पण विसरलो होतो. कसा ते सांगतो.

२००१ सालचा मे महिना. माझी प्रॅक्टिस नवी होती, मुलगी तीन वर्षांची. मेहुणीच्या मुलाची मुंज सांगली जिल्ह्यातल्या एका गावी होती. सकाळच्या गाडीने गेलो. मुहूर्त बाराच्या पुढचा. मांडव पत्र्याचा. जेवणे आटोपून अडीचला आम्ही स्टेशनावर आलो तेव्हा कळले, गाडी दीड तास उशिरा आहे. स्टेशन लहान. शेडखाली जागा नव्हती, म्हणून आम्ही एका लिंबाच्या विरळ सावलीत ट्रंकेवर बसलो. नळाला पाणी होते, पण ते चहा करता येईल इतके तापलेले. मुलगी किरकिर करत होती, मी तिच्यावर ओरडलो. मग ती गप्प झाली. खांद्यावर मान टाकून झोपली. मला बरे वाटले, चला, झोपली एकदाची.

थोड्या वेळाने बायकोने विचारले, “हिने सकाळपासून शू केली का हो?”

कोणालाच आठवेना. सकाळी आठला घरी केली होती, त्यानंतर नाही. तेव्हा साडेतीन वाजत आले होते. दवाखान्यात दिवसाला चाळीस आयांना मी हाच प्रश्न विचारत असे. आणि माझे मूल साडेसात तास लघवी न करता माझ्याच खांद्यावर सुकत होते, तर मला ते झोपल्यासारखे वाटत होते. पाहिले तर ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, अंग तापलेले. हाक मारल्यावर डोळे उघडले, रडायला लागली, पण डोळ्यांतून पाणी आले नाही. माझ्या बॅगेत काय होते? तापाचे औषध, उलटीचे औषध आणि एक अँटिबायोटिक. जलसंजीवनीची दहा-बारा रुपयांची पुडी नव्हती.

एका चहावाल्याने आपल्या स्टॉलमागच्या सावलीत जागा दिली आणि माठातले बादलीभर पाणी दिले. तिचे कपडे काढले, धोतर ओले करून अंग पुसत राहिलो, बायको वर्तमानपत्राने वारा घालत राहिली. मी स्टेशनबाहेर पळत जाऊन पुडी आणली. चमच्याचमच्याने पाजली. कऱ्हाड जवळ आले तेव्हा तिने गाडीत शू केली, माझ्या नव्या पँटवर. इतका आनंद मला एमबीबीएसचा निकाल लागल्यावरही झाला नव्हता. असो. मुलगी आज मोठी आहे, नोकरी करते आणि ही गोष्ट चारचौघांत सांगून माझी फिरकी घेते.

आता मुळाशी जाऊ. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. त्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते. म्हणून बाहेर तापले की मोठ्या माणसापेक्षा ते लवकर तापते. घाम येण्याची यंत्रणा त्याच्यात पुरती तयार नसते. मोठा माणूस जेवढा घाम गाळून थंड होतो, तेवढे त्याला जमत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते ‘तहान लागली’ असे वेळेवर सांगत नाही. खेळात असेल तर विसरते, चिडले असेल तर पाण्याचा पेला ढकलून देते. त्याची तहान तुम्हाला घड्याळावर मोजावी लागते.

सातारा ते सांगली लोहमार्गाने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीप्रमाणे अडीच-तीन तास, सगळीकडे थांबणारी असेल तर त्याहून जास्त. लोक तेवढेच तास मोजतात. पण सातारचे स्टेशन गावात आहे का? ते पार माहुलीच्या बाजूला. कऱ्हाडचे ओगलेवाडीला. तेव्हा रिक्षा किंवा एसटी, फलाटावरची वाट, मग गाडी, मग सांगलीत उतरून पुन्हा रिक्षा, मग देवळातली रांग, असा सगळा हिशेब केला की जाताना चार-साडेचार तास आणि येताना तेवढेच. त्रास बहुतेक वेळा गाडीत होत नाही, गाडीची वाट पाहताना होतो. पळत्या गाडीत निदान वारा असतो. थांबलेली गाडी म्हणजे उन्हात ठेवलेला लोखंडी डबा. ज्यांनी आपल्या या मार्गावर क्रॉसिंगसाठी आडरानात थांबलेल्या गाडीत दुपार काढली आहे, त्यांना मी अधिक काय सांगावे?

त्या वाऱ्याचाही एक घोळ आहे. सकाळी नऊपर्यंत खिडकीतून येणारा वारा मुलाला थंड करतो. दुपारी दोनला, बाहेर चाळीस अंश असताना, तोच वारा भट्टीच्या तोंडावरचा असतो. हवा कातडीपेक्षा गरम असली की वाऱ्याने अंग निवत नाही, उलट तापते. फक्त अंग ओले असेल तरच निवते. शिवाय तो वारा घाम दिसण्याआधीच सुकवतो. आई म्हणते, ‘बघा, घामसुद्धा नाही त्याला.’ घाम येतो आहे, तो दिसत नाही, आणि अंगातले पाणी चालले आहे. म्हणून दुपारी गाडीत असाल तर मुलाला खिडकीला चिकटून बसवू नका. ओला पंचा खिडकीला बांधा, दुसरा मुलाच्या मानेवर आणि पाठीवर ठेवा, आणि सुकला की पुन्हा भिजवा. त्यासाठी प्यायच्या पाण्याव्यतिरिक्त एक जादा बाटली नळाच्या पाण्याची ठेवावी लागते.

तर गाडी कोणती? वेळापत्रक दर काही महिन्यांनी बदलते म्हणून इथे वेळा देत नाही. स्टेशनावर विचारा, किंवा १३९ क्रमांकावर फोन करा, तिथे गाडी उशिरा आहे का हेही कळते. नियम एवढाच की अकरा वाजायच्या आत तुम्ही ज्या घरी जायचे त्या घराच्या उंबऱ्याच्या आत असले पाहिजे आणि परतीच्या फलाटावर उन्हे कलल्यावरच पाय ठेवला पाहिजे. मधले पाच तास पंख्याखाली. कोयना एक्सप्रेस चांगली गाडी आहे, पण मुंबईहून सकाळी निघून रात्री कोल्हापूरला पोचणारी ही गाडी आपल्या जिल्ह्यांतून दुपारीच जाणार. अडीच वर्षांच्या मुलासाठी मे महिन्यात ती नव्हे. कोल्हापूर-पुणे वंदे भारत २०२४ साली सुरू झाली. ती वातानुकूलित आहे, खिसा परवानगी देत असेल तर अवश्य जा. फक्त थंड डब्यात मूल पाणी मागत नाही आणि उतरल्यावर एकदम उन्हात येते, एवढे ध्यानात ठेवा. सोयीच्या वेळेची गाडी मिळत नसेल तर? मग जाऊ नये. जून-जुलैत पाऊस पडला की जावे. गणपती तिथेच आहे.

देवळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपण चपला बाहेर काढतो. आवारातली दगडी फरशी दुपारी किती तापते हे मोठ्यांच्या जाड तळव्यांना नीटसे कळत नाही. मुलाच्या तळपायाला अशा फरशीवर फोड आलेले मी पाहिले आहेत. कडेवर घ्या. आणि भिलवडीला उतरून औदुंबरला दत्तदर्शनाला जाणारे बरेच असतात, त्यांना आणखी एक सांगणे. उन्हाने कासावीस झालो म्हणून मुलाला घेऊन कृष्णेत उतरू नका. त्या पट्ट्यात मगरी आहेत हे तिथला कोणीही सांगेल. आणि मगर नसली तरी डोह आहेच.

आता पाणी. साधारण हिशेब असा : पहिल्या दहा किलो वजनाला किलोमागे १०० मिलिलिटर, त्यापुढच्या दहा किलोंना किलोमागे ५०. म्हणजे बारा किलोच्या मुलाला साध्या दिवशी सगळे मिळून, दूध-वरणासकट, ११०० मिलिलिटर द्रव लागतो. उन्हातल्या प्रवासात त्याहून बराच जास्त. एकदम पेलाभर पाजले तर मूल ओकते, त्यात गाडी हलत असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट, हा उपाय. आमच्याकडे एक आजीबाई स्टेशन आले की पाणी पाजतात. कोरेगाव आले घोट, रहिमतपूर आले घोट, तारगाव, मसूर, असे. नातवंडांनाही ती चढाओढ वाटते. घड्याळापेक्षा ही युक्ती चांगली.

पाणी घरून उकळून गार केलेले न्यावे. पुरले नाही तर शिक्का शाबूत असलेली बाटली विकत घ्यावी. ताक, पन्हे, कोकम सरबत घरचे असेल तर उत्तम, त्यात चिमूटभर मीठ असते हा फायदाच. उसाचा रस, गोळा आणि रस्त्यावरचे सरबत यांतला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. बाटलीतल्या रंगीत गोड पेयांनी तहान भागल्यासारखी वाटते. पण त्यात साखर फार असते, आणि पोट आधीच बिघडलेले असेल तर ती साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

जलसंजीवनी म्हणजे ओआरएस. हिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजले. ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणोत्तर. इतकी स्वस्त आणि इतके जीव वाचवणारी वस्तू आम्हा डॉक्टरांच्या हातात दुसरी क्वचितच आहे. पण तिचे सगळे बळ प्रमाणात आहे. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. दुकानात लहान पुड्याही मिळतात, त्या २०० मिलिलिटरच्या. पुडीवर छापलेले वाचा. ‘मूल लहान आहे म्हणून अर्धी पुडी कपभर पाण्यात’ असे करणाऱ्या आया मला दर उन्हाळ्यात भेटतात. ते पाणी फार खारट होते आणि मुलाच्या रक्तातले मीठ वाढवते. त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. कालवलेले पाणी चोवीस तासांनी ओतून टाकायचे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

दुकानात खोक्यांत भरलेली, आंबा-सफरचंदाच्या चवीची काही गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घालून विकली जात होती. आया जुलाब झालेल्या मुलाला तीच पाजत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध काही वर्षे झगडा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली. तरी खोके हातात घेतले की त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, एवढे पाहाच. औषधाच्या दुकानात ‘चवीचे द्या’ म्हणू नका, ‘डब्ल्यूएचओवाली पुडी द्या’ म्हणा. आणि एक खुलासा. जुलाब-उलटी नसलेल्या, चांगल्या खेळत्या मुलाला प्रवासात तासातासाला ही पाजायची गरज नाही. साधे पाणी, ताक आणि खाणे पुरते. पुडी पिशवीत असावी, ती वेळ आली तर.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वेगळे. त्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नाही. त्याचे पाणी आईच्या दुधातच असते, फक्त जास्त वेळा पाजावे लागते. आणि इथे मला घरातल्या पुरुषमंडळींशी थोडे भांडायचे आहे. प्रवासात बाई पाणी पीत नाही. का, तर डब्यातल्या संडासाची अवस्था पाहवत नाही, स्टेशनावरच्याला कुलूप असते, आणि ‘गाडी थांबवून हिला कुठं न्यायचं’ असे आपण बोलून दाखवलेले असते. ती पाणी पीत नाही, मग गर्दीत समोर चार पुरुष बसलेले म्हणून पाजायलाही संकोचते. आठ तास हे चालते. संध्याकाळी बाळाला ताप येतो आणि दवाखान्यात सांगतात, ‘प्रवास बाधला.’ प्रवास नव्हे हो, तुमची खिडकीची जागा बाधली. तिला कोपऱ्याची जागा द्या, समोर तुम्ही पाठ करून उभे राहा, आणि तिच्या हातात पाण्याची बाटली द्या. दर दोन तासांनी विचारा, ‘जाऊन यायचंय का?’ या एका प्रश्नाने बाळाचे जेवढे भले होईल तेवढे माझ्या कुठल्याच औषधाने होणार नाही.

डायपरबद्दलही बोललेच पाहिजे. प्रवासात सोय म्हणून तो आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. सोय आहे, नाकारत नाही. पण त्यामुळे मुलाने शू केली की नाही हेच कळेनासे झाले. दर तीन तासांनी काढून पाहा. कोरडा असेल तर ‘बरं झालं, एक वाचला’ म्हणू नका. जागेपणी चार तास लघवी नाही म्हणजे पाणी कमी पडते आहे. झाली तीही गर्द पिवळी असेल तर तेच. सहा तास नाही म्हणजे प्रवास तिथेच थांबवून उपाय करायचा.

खाण्याचे फार नको. दुधात भिजवलेल्या दशम्या, गूळ, राजगिऱ्याचा लाडू, सालीची केळी. दहीभात सकाळी कालवून दुपारी दोनला उघडू नये, त्यात काय वाढलेले असते ते डोळ्यांना दिसत नाही. कापून ठेवलेले कलिंगड कितीही लालबुंद दिसो, नको. एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला गाडीत शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. गाडी धक्का देते, मूल हसते किंवा रडते, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. अशी पोरे मी मोठ्या इस्पितळात धाडली आहेत. दुर्बीण घालून दाणा काढावा लागतो, तोपर्यंत आईबापांचा जीव टांगणीला. कागदाच्या पुडीतल्या खमंग दाण्यांचा मोह मलाही आवरत नाही. पण आपण खावे, पोराला लाडू द्यावा.

आता कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असे आमची आईही म्हणे. आईवर माझी श्रद्धा होती, कांद्यावर नाही. कांदा खिशात ठेवल्याने अपाय काहीच नाही, फक्त कांद्याच्या भरवशावर लोक दुपारी बाराला बाहेर पडतात, तो अपाय. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे, रुंद काठाची टोपी, बस्स. लग्नाला जायचे म्हणून पोरांना जरीचे कुर्ते, नायलॉनचे फुगीर झगे आणि बंद बूट घालतात, ते प्रवासात पिशवीत असू द्यावेत. अंगभर पावडर थापू नये. घामोळे आले असेल तर त्यावर गार पाण्याची पट्टी आणि मोकळी हवा.

धोका कधी समजावा? मूल किरकिर करते तोवर निदान ते लढते आहे. ते अकारण गप्प पडले, मान टाकू लागले, भलतेच बोलू लागले, सारखी उलटी होऊ लागली, झटका आला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजायचा. यात अंग कोरडे असते किंवा घामाने भिजलेलेही असू शकते, त्यावर जाऊ नका. तापाचे औषध इथे चालत नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. शरीर बाहेरून तापलेले आहे, ते बाहेरूनच थंड करायचे. सावलीत न्या, कपडे काढा, हाताला येईल ते गार पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका मागवा, गाडीत असाल तर १३९ ला कळवा म्हणजे पुढच्या स्टेशनावर मदत मिळण्याची सोय होते. पण फोन एकाने करायचा आणि पाणी दुसऱ्याने ओतायचे. रुग्णवाहिकेची वाट पाहत हात बांधून बसलात तर ती वीस मिनिटे मुलाच्या मेंदूला महाग पडतात.

‘आपल्याकडं काय नागपूरसारखं ऊन असतं होय?’ असे सातारकर नेहमी म्हणतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानात सोहळा झाला, त्यात उष्माघाताने १४ माणसे गेली. तेव्हा तिथे पारा पंचेचाळीसवर नव्हता. उघड्यावर किती तास बसलात, हवेत दमटपणा किती आणि पाणी मिळाले का, याने माणूस जातो. नुसत्या आकड्याने नव्हे. आणि ती मोठी, चालती-बोलती माणसे होती.

म्हणूनच लग्ना-मुंजीचे मुहूर्त ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मे महिन्यात दुपारचा साडेबाराचा मुहूर्त धरता, तेव्हा येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला तुम्ही भर उन्हात प्रवास करायला लावता. गोरज मुहूर्त आपल्याच पंचांगात आहे. तो नसेल जमत, तर तान्ह्या मुलाची आई आली नाही म्हणून रुसू नका. ‘आम्हाला मान दिला नाही’ हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून कित्येक आया ओल्या बाळाला घेऊन उन्हातून येतात, हे मी दवाखान्यात बसून दर वर्षी पाहतो. आणि लहान स्टेशनांवर सावली व गार पाणी ही कोणाची जबाबदारी यावर वाद घालत बसण्यापेक्षा, आमच्या लहानपणी चैत्र लागला की चौकाचौकात माठ आणि वाळ्याची जुडी ठेवून पाणपोई बसायची, तशी स्टेशनाबाहेर एखादी बसवायला गावातल्या तरुण मंडळांना काय हरकत आहे? गणपतीच्या दहा दिवसांच्या खर्चात अशा कित्येक पाणपोया चालतील.

आजोबांच्या कागदावरच्या चार ओळींपैकी मी तीन खोडल्या. दोन पुड्या दिल्या, पंचा भिजवायची रीत सांगितली आणि म्हणालो, पहाटेची गाडी मिळत असेल तर जा, नाहीतर पाऊस पडू दे. ते जरा हिरमुसले, पण ऐकले. परवा पुन्हा आले. पहाटे उठून गेले, आठ वाजायच्या आत दर्शन झाले, दुपारभर बहिणीच्या घरी नातू पंख्याखाली लोळला, बादलीत हात घालून बसला, संध्याकाळच्या गाडीने परत. मुलाला काही झाले नाही. इंजिन पाहून तो इतका हरखला की दोन दिवस घरात शिट्टी मारत होता.

“मग आता कशाला आलात?” मी विचारले.

“मला घेरी आली की हो,” आजोबा म्हणाले. “येताना फलाटावर बसलोच मटकन. पाणी सगळं त्येला पाजलं, माझं ऱ्हाऊनच गेलं. आन् बीपीची गोळी मातूर न चुकता घेतली.”

त्यांच्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारे औषध आहे. मी नातवाचा सगळा हिशेब मांडला होता आणि समोर बसलेल्या माणसाला विसरलो होतो. रक्तदाब मोजला, तो बराच उतरलेला होता. गोळीचे प्रमाण बदलून दिले आहे. रक्तदाबाची, हृदयाची औषधे घेणाऱ्या वाचकांनी उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची ते पुढच्या आठवड्यात लिहितो. तोवर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.